समस्त कीवर्ड परिवार

इंदुरात रामबागेत राहून चकल्या विकणं सोपं आहे, त्या गूगलवर दिसणं अवघड. बायकोच्या घरगुती फराळाची वेबसाइट पुतण्याने करून दिली आणि "काका, एसईओ तेवढं तुम्ही बघा" असं सांगून तो पुण्याला निघून गेला.

एसईओ म्हणजे काय, तर गिऱ्हाईक गूगलवर जे शब्द टाकतं ते, म्हणजे कीवर्ड, आपल्या पानावर असावेत. एवढं घरात कळलं मात्र, लग्नपत्रिकेत आमंत्रकांची नावं घालताना होतं तेच सुरू झालं. प्रत्येकाचा एक शब्द. राहिला की रुसवा.

आत्याबाईंना 'अनारसे' हवे होते. आम्ही अनारसे करत नाही, हा मुद्दा त्यांना गौण वाटला. मामांनी तर स्वतःच्या हाताने 'इंदुरी पोहे-जिलेबी' घातलं. मग सकाळी सहाला फोन: "भिया, पोहे पे सेव ज़्यादा, जीरावन अलग से।" बायकोने त्यांना भाजणीच्या चकलीकडे वळवायचा यत्न केला. सकाळी सहाला इंदूरकर चकलीकडे वळत नाही.

शेजारच्या काकूंनी ऐकलं होतं की हल्ली सगळे 'नियर मी' शोधतात. तेव्हा दुकानाचं नावच 'चकली नियर मी' ठेवा. मेहुणा लोकांचे टॅक्सचे कागद भरतो, त्यामुळे त्याची बुद्धी आणखी खोल. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शंभरदा 'चकली' लिहा म्हणाला. माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतं. दिसतंच. गूगल त्याला स्पॅम म्हणतं आणि पान खाली ढकलतं, नाहीतर यादीतूनच उडवतं.

शेवटी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, टायटल नीट ठेवा: 'भाजणीची घरगुती चकली, इंदूर'. बास. डिस्क्रिप्शनने, म्हणजे पानाच्या दोन ओळींच्या वर्णनाने, नंबर वर जात नाही, पण शोधल्यावर नावाखाली कधीकधी त्याच दोन ओळी दिसतात, म्हणून त्या काकूकडून (म्हणजे माझ्या बायकोकडून) लिहून घ्या. फोटोच्या फाइलला 'आयएमजी' काहीतरी नाव नको, चकली आहे तर चकली म्हणा.

"आणि हे पानाच्या कोडमध्ये लपलेलं कीवर्ड्स नावाचं मेटा टॅग?"

"ते गूगल बघतच नाही. सप्टेंबर २००९ मध्येच त्यांनी जाहीर केलंय."

फोन ठेवला तेव्हा माझा चेहरा उजळला होता म्हणे. अनारसे, पोहे-जिलेबी, नियर मी, मेहुण्याची चकली (एकदाच), सगळे शब्द मी त्या टॅगमध्ये सन्मानाने बसवले. पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, उघडून आत्याबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून आपला 'अनारसे' वाचला, पुन्हा वाचला आणि मुलीला फोन करून कळवलं. शेजारच्या काकूही खूश.

मामा तेवढे गप्प होते. जेवताना म्हणाले, "घातलंस ते बरं केलंस. पण पोहे अनारशांच्या नंतर का?"