दुर्मीळ रत्न घरच्या घरी ओळखण्याची खात्रीशीर पद्धत

रंगीत खडा विकत घेतल्यावर तो दुर्मीळ जातीचा आहे की नाही, हा प्रश्न सुज्ञ माणसाला पैसे मोजून झाल्यावरच पडतो, आणि तो तेव्हाच पडायला हवा. आधी पडला तर खरेदीची मजा जाते, दुकानदाराला वाईट वाटते आणि सहलीतले बाकीचे लोक बसमध्ये खोळंबतात. परिचयातल्या एका निवृत्त काकांनी परदेशातून आणलेल्या खड्याच्या निमित्ताने नुकतीच या विषयाची माझ्याकडून सक्तीची उजळणी करून घेतली. त्यांच्यासारख्या अन्य रत्नप्रेमींची सोय व्हावी म्हणून ती पद्धत येथे मांडत आहे.

सर्वप्रथम खड्याचा फोटो काढावा. तो रात्री, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, खडा तळहातावर ठेवून काढावा, म्हणजे हाताच्या रेषा स्पष्ट येतात आणि खडा अस्पष्ट. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मर्जीने ठरवतो आणि बाकीचे सगळे रंग त्याप्रमाणे सरकवतो, ही क्षुल्लक बाब मनावर घेऊ नये. मग एखाद्या लिलावात विकल्या गेलेल्या नीलमाचा फोटो इंटरनेटवर शोधून आपल्या फोटोशेजारी ठेवावा. दोन्ही निळे दिसले की दोन्ही एकाच खाणीतले.

विक्रेत्याने ‘काश्मिरी’ असे म्हटले असेल तर एवढ्या कष्टांचीही गरज नाही. किश्तवाडच्या पाडर भागात, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, १८८१ च्या आसपास दरड कोसळून हे नीलम उघडे पडले आणि त्यातला उत्तम माल १८८२ ते १८८७ या मोजक्या वर्षांतच निघाला, अशी नोंद आहे खरी. परंतु आपल्या गल्लीतल्या भाग्यरत्नांच्या दुकानात काश्मिरी नीलमांचा अख्खा खण भरलेला असतो, तेव्हा चूक नोंदीचीच असणार. वर ते रत्तीत तोलून मिळतात, आणि रत्ती कच्ची की पक्की हे विचारायचे नसते.

नीलम दुधात टाकून दूध निळसर दिसते का ते पाहावे, आणि निळी काच टाकली तरी ते तसेच दिसते हे घरात कोणाला सांगू नये.

त्यानंतर खड्याने आरशावर ओरखडा ओढावा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर काच साधारण साडेपाचला, गारगोटी सातला आणि माणिक-नीलम नवाला असतात, त्यामुळे नदीकाठची गारगोटीसुद्धा या परीक्षेत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होते, आणि कारखान्यात बनवलेला नीलम तर खाणीतल्या नीलमाइतकाच कठीण असतो. तरीही ओरखडा ओढावाच. खड्याची एखादी कड उडाली तर आतला भागही बघायला मिळतो.

माणिक असल्यास लिंबाच्या रसात बुडवून ठेवावे, म्हणजे भेगांमध्ये शिशाची काच भरलेली असेल तर ती खाल्ली जाऊन शंकेला जागा उरत नाही.

गुलाबी आणि नारिंगी यांच्या मधला, कमळाच्या रंगाचा नीलम घेतला असेल, तर तो पदपराद्शा या दुर्मीळ जातीचाच आहे असे तत्काळ जाहीर करावे. या शतकाच्या सुरुवातीला थायलंडमधल्या भट्ट्यांमधून असे नारिंगी खडे अचानक मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागले, तेव्हा फिकट नीलमात उष्णतेने बेरिलियम मुरवून तो रंग आणलेला आहे हे प्रयोगशाळांच्याही चटकन लक्षात आले नव्हते. बेरिलियम इतके हलके मूलद्रव्य आहे की ते नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला दिसत नाही. त्यासाठी लेझरने खड्याचा सूक्ष्म कण उडवून तो तपासावा लागतो. आपल्याकडे मात्र मावशींची नजर असते. ‘रंग किती गोड आहे’ असे मावशी म्हणाल्या की बेरिलियमचा प्रश्न निकालात निघतो.

खड्यासोबत मिळालेले लॅमिनेट केलेले कार्ड सर्वांना दाखवावे, पण वाचू नये. वाचले तर त्यावर ‘नॅचरल कोरंडम’ (माणिक आणि नीलम या दोन्हींचे मूळ खनिज) एवढेच लिहिलेले आढळते, आणि खडा तापवला आहे का, भेगांत काही भरले आहे का, तो कुठल्या देशातला आहे, याबद्दल कार्डाने मौन पाळलेले दिसते. होलोग्राम मात्र चमकदार असतो.

तपासणीला नेण्यापूर्वी खडा अंगठीत घट्ट बसवून घ्यावा, म्हणजे त्याची घनता मोजता येत नाही आणि कडाही झाकल्या जातात.

एवढी पूर्वतयारी झाली की ओळखीचा रत्नपरीक्षक गाठावा. फी विचारू नये, कारण ओळख आहे. ‘फक्त एक नजर टाका’ असे म्हणावे, आणि ती नजर टाकण्यासाठी त्याला भिंग, खड्यात प्रकाश किती वाकतो ते आकड्यात सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर, खडा प्रकाशातले कोणते रंग शोषतो ते दाखवणारा स्पेक्ट्रोस्कोप आणि त्यामागची अनेक वर्षे लागतात, याकडे दुर्लक्ष करावे. काकांनी हे सर्व यथासांग पार पाडले. त्यांचा खडा चिंचोक्याएवढा होता, आत एक डाग नव्हता, आणि विक्रेत्याने तो अ‍ॅलेक्झांड्राइट म्हणून दिला होता. खिडकीशी धरला तर राखाडी-निळा, पिवळ्या बल्बखाली धरला तर जांभळा. ‘रंग बदलतो ना? मग अजून काय हवे?’ असे काका म्हणाले, आणि चहा मागवला.

आता, रंग बदलणारा प्रत्येक खडा अ‍ॅलेक्झांड्राइट नसतो. अ‍ॅलेक्झांड्राइट ही क्रायसोबेरिल या खनिजाची जात आहे. १८३० च्या दशकात रशियात उरल पर्वतात ती सापडली आणि पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातल्या क्रोमियममुळे ती दिवसाच्या उजेडात हिरवी किंवा निळसर हिरवी आणि पिवळ्या बल्बखाली लालसर दिसते. काकांच्या खड्यात हिरवा रंग औषधालासुद्धा नव्हता. अंगठीचा वरचा सपाट पैलू रिफ्रॅक्टोमीटरवर टेकवला, तर आकडा १.७६ ते १.७७ असा आला. अ‍ॅलेक्झांड्राइटचा तो १.७४६ ते १.७५५ च्या आसपास असायला हवा. हा सरळसरळ कोरंडमचा आकडा होता. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये निळ्या भागात ४७५ नॅनोमीटरला ठळक काळी रेघ दिसली, म्हणजे आत रंग बदलावा म्हणून घातलेले व्हॅनेडियम. मग दहापट भिंगाखाली, दिव्याशी खडा हळूहळू कलता करत गेलो, आणि एका कोनात त्या रेषा उमटल्या: एकमेकींना समांतर, पण कमानदार. खाणीतल्या स्फटिकाची वाढ सपाट पृष्ठांनी होते, म्हणून त्याच्या रेषा सरळ असतात आणि कोनात मिळतात. ऑग्यूस्त व्हेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या, कृत्रिम कोरंडम बनवण्याच्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनाची पूड ज्योतीतून खाली पडत वितळते आणि गोलसर माथ्यावर थरावर थर साचतो, म्हणून तिथे रेषा वाकतात. शंभर वर्षांहून जुना हा प्रकार आहे आणि काही तासांत एक कांडी तयार होते. सहलीच्या बसेस ज्या दुकानांपुढे थांबतात, तिथे त्याच कांड्यांचे तुकडे पैलू पाडून, मखमली डबीत घालून, अ‍ॅलेक्झांड्राइटच्या भावाने विकले जातात. शिवाय एवढ्या आकाराचा निर्दोष अस्सल अ‍ॅलेक्झांड्राइट कोणी जेवणानंतरच्या फेरफटक्यात घासाघीस करून निम्म्या किमतीत देईल, असे मानायला किती भोळेपणा लागतो, हे मोजणारे यंत्र माझ्याकडे नाही.

मी हे सगळे सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘अहो, तुमचे यंत्र जुने झाले असेल. पुन्हा नीट बघा ना.’ मी पुन्हा बघितले. रेषा जिथल्या तिथे होत्या. घरी जाऊन त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले की परीक्षकांना नक्की सांगता आले नाही, आणि खाली अभिनंदनाची रांग लागली. नक्की सांगता आले नाही? आकडा सांगितला, रेघ दाखवली, भिंग हातात देऊन त्या कमानी त्यांच्याच डोळ्यांनी पाहायला लावल्या, आणखी नक्की म्हणजे काय असते?

काका, आणि काकांच्या मार्गाने जाणारे तुम्ही सगळे, तुम्हाला होकार हवा असतो, आणि होकार द्यायला शेजारीपाजारी पुरेसे आहेत. त्यासाठी माझी संध्याकाळ खर्ची घालू नका. दुकानात किंमत ऐकल्यावर ‘खनिजाचे नाव, नैसर्गिक की कृत्रिम, आणि केलेले उपचार पावतीवर लिहून द्या’ एवढे एक वाक्य बोलायला तुमची जीभ का अडखळते? जो लिहून देत नाही त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी तुम्ही हुज्जत घालता आणि पगाराएवढी रक्कम चमकदार होलोग्रामवर भरवसा ठेवून मोजता, याला हौस म्हणत नाहीत. फसवणारा दुकानदार नालायक आहेच, पण त्याचे दुकान तुमच्या या आळसावर चालते, आणि फसलो हे कबूल करण्याऐवजी खरे सांगणाऱ्याच्या यंत्राला नावे ठेवण्याच्या तुमच्या सवयीवरही चालते. खडा महाग असेल तर विक्रेत्याने दिलेल्या कार्डावर विसंबू नका. तुम्ही स्वतः निवडलेल्या प्रयोगशाळेत, सुटा, अंगठीत बसवण्याआधी द्या, तिची फी भरा, आणि अहवालातला उपचारांचा रकाना आधी वाचा. हे सगळे पावतीवरची परतीची मुदत संपण्यापूर्वी करा, कारण ती उलटल्यावर माझ्या उत्तराचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.