२१ दिवसांत डिप्रेशन गायब? त्या मेसेजबद्दल थोडं
फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, पहाटे उठून चाला, गोड बंद करा, २१ दिवसांत डिप्रेशन गायब, गोळ्या फेकून द्या त्यांची सवय लागते. अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक. चालण्याने फरक पडतो, मलाही पडला, पण दात घासायलाही उठवत नव्हतं तेव्हा कसलं डोंबलाचं चालणं! आधी गोळ्या सुरू झाल्या, त्यांनाही लागू पडायला दोन-चार आठवडे तरी लागतात, मग कुठे पायात बूट गेले. आणि या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात.

मेसेजमध्ये बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. मी बायकोला कित्येक महिने ॲसिडिटी सांगत होतो, एका रात्री भांडी विसळताना खरं सांगितलं तर म्हणाली, "मला वाटलं माझ्यावरच रागावलायस." घरात बोलता येत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात.

मेसेज आत्याने टाकलाय, तिला फोनच करतो, ग्रुपवर नको.