शाळेआधीचं अंगण

मुलीच्या किंडरमधल्या, म्हणजे शाळेआधीच्या वर्गातल्या, बाईंनी नोव्हेंबरात एक फॉर्म हातात दिला. जानेवारीच्या अखेरीस ती शाळेत जाणार होती. इथे मेलबर्नमध्ये किंडरच्या बाई शाळेसाठी प्रत्येक मुलाबद्दल लिहून देतात: एका कामात किती वेळ रमते, कात्री कशी धरते, भांडण झालं की काय करते. त्यात एक जागा मुलाची असते, तिथे तिनं चित्र काढायचं. आणि एक भाग घरच्यांचा. रात्री भांडी आवरून मी लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं ते असं, की घाबरली की ती फक्त मराठीत बोलते, तेव्हा 'शू' या शब्दाचा अर्थ बाईंना ठाऊक असू द्या. शाळेच्या पहिल्या दिवशी प्रेपच्या, म्हणजे शाळेतल्या पहिल्या इयत्तेच्या, बाई वर्गाच्या दारात गुडघ्यावर बसल्या, तिला बाथरूमचं दार दाखवलं आणि म्हणाल्या, "शू, हिअर." माझी लेक मागे वळून न बघता आत गेली.

त्या दिवशी मला सारखी आत्याची आठवण येत होती.

माझी आत्या ठाण्याच्या कळव्यात, पारसिकच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, अंगणवाडी सेविका होती. भाड्याची एक खोली, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर फळांचा तक्ता, दाराशी खिचडीचं पातेलं. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. मुलं कुठून कुठून आलेली असायची. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी कानडी, दगडफोडीच्या कामावरच्या कुटुंबांकडे तेलुगूच्या वळणाची वडारी, गावठाणातल्या एकदोघांची आगरी. आत्या हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहून ठेवायची. नीरु म्हणजे पाणी, आकलि म्हणजे भूक. कोण आईचं नाव घेतलं की रडतं, कुणाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कुणाला धाकट्या भावाला मांडीवर घेतल्याशिवाय बसवत नाही, हेही त्याच पानावर. जून आला की ती मुलं महापालिकेच्या शाळेत पहिलीला जायची आणि तिथल्या बाईंच्या हाती नाव, जन्मतारीख एवढंच पडायचं. आत्याला ते पान कुणी मागितलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

माझ्या लेकीला जो फॉर्म मिळाला, तो आत्याकडे तयार होता. त्यासाठी परदेशात यायची गरज नव्हती.

२०२५ मध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर पहिलीपासूनच्या हिंदीवरून रोज वाद चालायचा. १६ एप्रिलला सरकारनं निर्णय काढला, जूनमध्ये तो बदलला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये या मताची मी आहे आणि निर्णय मागे घेतला ते चांगलंच झालं. पण त्या अडीच महिन्यांत, एवढी भाषणं आणि मोर्चाची तयारी होऊनही, पहिलीच्या दारात उभं असलेलं मूल घरून कोणती भाषा घेऊन आलंय हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्याच्या आदल्या वर्षी भांडण होतं शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांचं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना सूट, असा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. ते भांडण हक्काचं होतं, ते व्हायलाच हवं होतं. तरी ही दोन्ही भांडणं शाळेच्या फाटकापाशी सुरू होतात. फाटकाच्या अलीकडची तीन वर्षं सेविका आणि आई यांच्यावर सोडून दिलेली आहेत.

आणि हे ठाण्याला शोभत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ पासून आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला जे केलं, ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. (पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.) आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, कारण ती भावंडं सांभाळतात, हे दिसल्यावर या बायका मुलांना दोष देत बसल्या नाहीत. बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, तिथल्याच बिया, शंख-शिंपले घेऊन शिकवलं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आपण शब्द ठेवला. दाराशी जाण्याची रीत मात्र सेविकेच्या एकटीच्या पायांवर टाकली.

इथे मेलबर्नमध्ये ती रीत कशी चालते ते सांगते. बाळ झाल्यापासून साडेतीन वर्षांपर्यंत माता-बाल आरोग्य परिचारिका दहा वेळा भेटते, पहिली भेट बहुतेक घरीच. हिरवी पुस्तिका मिळते, त्यात सगळ्या नोंदी. माझ्या परिचारिकेनं दुसऱ्याच भेटीत विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी जरा संकोचून मराठी म्हटलं. ती म्हणाली, तीच बोला, भरपूर बोला, इंग्रजी आम्ही बघतो. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना मी ते सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या गोष्टींना जो ऊत आला तो अजून उतरलेला नाही. याच परिचारिकेनं मला आसपासच्या नव्या आयांच्या गटात बसवलं, त्या गटातून लायब्ररीतली गोष्टीची वेळ कळली, तिथे किंडरच्या नावनोंदणीचा कागद मिळाला. परिचारिका, लायब्ररी, नगरपालिका, किंडर, शाळा: प्रत्येकानं पुढच्याच्या हातात माझा हात दिला. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

इथलं सगळं सुरळीत आहे असं मात्र समजू नका. पाळणाघरं महाग आहेत आणि त्यातली बरीचशी नफ्यावर चालतात. मेलबर्नमधल्या एका पाळणाघर कर्मचाऱ्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,२०० मुलांची तपासणी करून घ्या असं आईबापांना सांगण्यात आलं. ते दिवस आम्ही सगळ्यांनी पोटात गोळा घेऊन काढले. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना पाळणाघराची सवलत नाही. आमच्या गल्लीत नांदेडचं एक जोडपं पाळ्या लावून बाळ सांभाळतं, एक घरात आला की दुसरा बाहेर. दर तीन वर्षांनी शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलांची देशभर पाहणी होते. २०२४ मध्ये २३.५ टक्के मुलं विकासाच्या पाचपैकी किमान एका अंगात मागे पडलेली आढळली. एवढा पैसा ओतूनही जवळपास चारातलं एक. पण मोजतात, आणि कोणत्या वस्तीत जास्त ते छापतात.

आपल्याकडे राज्याचं 'पहिले पाऊल' अभियान आहे आणि ते मला मनापासून आवडतं. शाळा पूर्वतयारीचा मेळावा, नोंदणीपासून सात टेबलं, विकास पत्र, आयांचे गट, घरी करायच्या गमतींचं आयडिया कार्ड. घरातल्या डाळ-तांदळातून गणित, हे अनुताईंच्या वाटेवरचंच आहे. अडचण शहरातली आहे. सकाळी सातला घोडबंदरच्या टॉवरांत पोळ्या लाटायला जाणारी बाई अकराच्या गटाला कशी येणार? बांधकामावरची आई तर सहा महिन्यांत दुसऱ्या साईटवर. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर मुलांसाठी खोली द्यावी, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच आलं होतं. तीन हात नाक्याच्या पुलाखाली महापालिका आणि एका संस्थेनं मिळून कंटेनरमध्ये सिग्नल शाळा भरवून दाखवली. म्हणजे मूल जिथे आहे तिथे जाणं ठाण्याला आजही जमतं.

दादाच्या सोसायटीकडे गेल्या वर्षी जवळच्या वस्तीतली सेविका आली होती. पावसात खोलीत पाणी भरतं, सकाळचे दोन तास हॉल द्याल का, एवढंच मागणं. कमिटीनं सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला. त्या अंगणवाडीतली निम्मी मुलं त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची आणि वॉचमनची आहेत. ज्यांच्या हातात घराच्या किल्ल्या देतो, त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाची भीती कसली? मला हे ऐकून फार लागलं.

भागीदारी म्हणजे मी याला म्हणते. सोसायटीनं जागा द्यावी, बिल्डरनं साईटवर खोली द्यावी, पहिलीच्या बाईंनी मार्चमध्ये एक दिवस अंगणवाडीत येऊन बसावं, आयांचा गट संध्याकाळी किंवा रविवारी भरावा. आणि सरकारनं सेविकेला नीट पगार द्यावा, कारण शेजाऱ्यांच्या चांगुलपणानं तो भरून निघत नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका ५२ दिवस संपावर होत्या. आत्या निवृत्त झालेली, तरी बसायला जायची. फोनवर म्हणाली होती, "मानधन म्हणतात गं अजून, पगार म्हणत नाहीत."

गेल्या आठवड्यात तिच्याकडे ती जुनी वही मागितली. तिनं शेवटच्या पानाचे फोटो पाठवले, शाई फिकट झालीय पण वाचता येतं. दादानं ते कमिटीच्या दोघांना दाखवले. हॉलचा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर आलाय, दोन तासांसाठी, सकाळी नऊ ते अकरा. त्या सेविकेलाही बोलवायचं ठरलंय. दादा म्हणाला, वही मी घेऊन जातो. आत्या म्हणाली, वही कशाला, मीच येते.