केईएम म्हणे राजाने बांधलं!

भांडुपच्या मामाने काल रात्री घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकलाच. ‘इंग्लंडच्या राजाने स्वतःच्या खिशातून गिरणगावातल्या गरिबांसाठी परळचं केईएम हॉस्पिटल बांधलं. आपल्यात लायक डॉक्टर नव्हते, म्हणून गोऱ्यांनी चालवून दाखवलं. देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ तिथलंच. आजही सगळं फुकट.’ खाली सात जणांचे जोडलेले हात. अरे, आजोबा परळच्या गिरणीत होते, निदान मामाने तरी?

केईएम म्हणजे ‘किंग एडवर्ड मेमोरियल’. हा राजा, सातवा एडवर्ड, वारला १९१० साली. केईएम सुरू झालं १९२६ ला. नावातच ‘मेमोरियल’ आहे. स्वतःचं स्मारक मेल्यावर कोण बांधतं? हॉस्पिटल पालिकेचं, तेव्हाही आणि आताही.

डोकं फिरलं ते दुसऱ्या वाक्याने. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. भाऊ दाजी लाड तिथूनच १८५१ मध्ये डॉक्टर झाले. म्हणजे केईएम उघडलं तेव्हा मुंबईत आपले डॉक्टर तयार होऊन पाऊणशे वर्षं उलटली होती. पण सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसवाल्यांकडे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या नोकरीतल्या डॉक्टरांकडे, आणि त्यात भरणा गोऱ्यांचा. लायकी होती, खुर्ची मिळत नव्हती. म्हणूनच शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी केईएमला जोडलेल्या कॉलेजसाठी पैसे देताना अट घातली: शिकवणारे भारतीयच हवेत, सरकारी नोकरीतले नकोत. ‘जीएस मेडिकल’मधलं जीएस ते हेच शेठ. पहिले डीन कोण? डॉ. जीवराज मेहता. गांधीजींचे डॉक्टर, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. यांना गोऱ्यांनी आणून बसवलं होतं का?

टेस्ट ट्यूब बाळाचं अर्धं खरं, कबूल. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून केईएममध्ये मूल जन्मलं, काम मोठंच होतं. पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी ते १९७८ मध्येच केलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. केईएमच्या १९८६ च्या कामातलेच शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी नंतर मुखर्जींची टिपणं तपासली आणि पहिला मान त्यांचाच, असं स्वतः सांगितलं. स्वतःच्या नावावरचा मान असा सोडणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

राहिलं फुकटचं. केसपेपरलाही पैसे पडतात, थोडे का होईना. बाकीचा खर्च पालिका करते, म्हणजे त्यात मामाच्या भांडुपच्या गाळ्याचा मालमत्ता करही आला. राजाला जोडलेले हात त्याने स्वतःलाच जोडावेत.