रताळ्याला घाई नसते

ज्या पदार्थाला ओव्हनमध्ये जाऊन बाहेर यायला सव्वा तास लागतो त्याला नाश्ता म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाश्ता म्हणजे पोहे. कांदा चिरून होईपर्यंत पोहे भिजतात, फोडणी होईपर्यंत चहा उकळतो आणि वर कोथिंबीर पडेपर्यंत खाणाऱ्याच्या पायात बूट चढलेले असतात. आम्ही डोंबिवलीकर. आठच्या आसपासची फास्ट गाठायची असली की आमच्याकडे उपमासुद्धा चैनीत मोडतो.

पण सध्या चिरंजीव बंगळुरूहून घरी मुक्कामाला आहेत. लॅपटॉप इथे, ऑफिस तिथे. येताना ते ग्रॅममध्ये मोजणारा एक वजनकाटा घेऊन आले, आणि दुसऱ्याच दिवशी पोह्यांची बशी त्यावर ठेवून म्हणाले, “आई, हे नुसते कार्ब्ज आहेत गं.”

“मग तुला काय हवं?”

“स्टफ्ड बेक्ड स्वीट पोटॅटो.”

१०० ग्रॅम रताळ्यात साधारण २० ग्रॅम कार्ब्ज असतात, हेही त्यानंच मला नंतर सांगितलं. पण ते म्हणे ‘कॉम्प्लेक्स’ असतात. पोह्यांतले बिचारे सरळमार्गी असावेत.

“रताळी? आज काय आहे?” सासूबाईंनी जपाची माळ थांबवून विचारलं. आमच्या घरात रताळं येतं ते कॅलेंडर बघून. आषाढी, कार्तिकी, महाशिवरात्र. त्या दिवशी त्याचा कीस होतो, पाकातल्या चकत्या होतात, उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी घाऱ्यांत जातं. मधल्या काळात रताळी कुठे असतात, काय करतात, याची कोणी चौकशी करत नाही. उपवास नसताना रताळं खायचं म्हणजे सासूबाईंच्या लेखी सोवळं नेसून सिनेमाला जाण्यासारखं.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. त्यामुळे नको तिथे तोंड उघडायची सवय. म्हटलं, “आई, रताळं मुळात आपलं नाहीच. अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलं. बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, दाणे तिकडचे, साबुदाणा ज्याचा करतात तो कंदसुद्धा तिकडचाच. आपला उपवासाचा अख्खा फराळ जहाजातून उतरलाय.”

त्या म्हणाल्या, “मग? विठोबाला चालतं ना?” आणि माळ पुढे ओढली. पाचशे वर्षांचा इतिहास त्यांनी एका मण्यात निकालात काढला.

आता सारण. मुलाच्या फोनमधल्या कृतीत काळे बीन्स, अव्होकाडो, फेटा चीज, केल नावाचा पाला, ताहिनी आणि वरून मेपल सिरप होतं. मी शांतपणे बीन्सच्या जागी मोड आलेली मटकी घेतली, फेटाच्या जागी पनीर, केलऐवजी पालक, आणि सिरप म्हणून कोल्हापूरहून आलेली काकवी. अव्होकाडोला मात्र पर्याय सुचेना म्हणून फळवाल्याकडे गेले. त्याच्याकडे एकच होता. दाबून बघितला तर माझंच बोट दुखलं. “कधी पिकेल?” तर म्हणाला, “सांगता येत नाही ताई. काही पिकतात, काही तशीच जातात.” इतकं बोलून तो डाळिंबं पुसायला लागला. अव्होकाडो यादीतून गेला.

रताळी घेणं हे वेगळंच प्रकरण. भरायची म्हणजे ती दोन्ही टोकांना सारखी, जाड आणि सरळ हवीत. आपली रताळी या अटीत बसत नाहीत. एका टोकाला गरगरीत, मध्ये वळण, आणि शेवटी उंदराची शेपटी. शिवाय प्रत्येक उलटून बघावं लागतं, कारण सालावर टाचणीएवढं काळं भोक दिसलं की आत सोंड्या भुंग्यानं बोगदे केलेले असतात, आणि असं रताळं शिजल्यावर कडूजहर लागतं. मी एकेक निवडून बाजूला ठेवत होते आणि स्टेशनबाहेरचा भाजीवाला काळजीनं बघत होता.

“ताई, एकादशी परवाच झाली.”

“माहितीय.”

“मग?”

“भरायची आहेत.”

“रताळी?” तो क्षणभर गप्प झाला. मग न मागता पिशवीत कोथिंबिरीची आणखी अर्धी जुडी टाकली. “बेळगावची आहेत. गोड लागतील. काही करू नका, नुसती उकडा.”

घरी आल्यावर मुलानं एका रताळ्याचा तुकडा कापून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. “हे आतून पांढरं आहे.” फोटोत ते केशरी होतं. म्हटलं, तिरुअनंतपुरमला कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यांनी ‘भू सोना’ नावाचं केशरी गराचं वाणही काढलंय, तू तिथे जाऊन घेऊन ये. ही भाजायला लागेल त्याहून थोडाच जास्त वेळ जाईल.

सकाळी पावणेसहाला उठले. हे वाक्य नीट वाचा. पदार्थ त्याला हवा होता, उठले मी. आधी ओव्हन रिकामा करायचा. आमच्या ओव्हनमध्ये गेली काही वर्षं कुरडयांचा डबा, बिडाचा तवा आणि कोणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती राहते. त्यांचं पुनर्वसन केलं. मग रताळी नळाखाली धरून काथ्यानं घासली, कारण सालासकट खायची. वळ्यांमध्ये अडकलेली बेळगावची माती निघता निघत नाही, ती टूथब्रशनं काढली. (जुन्या. कोणाचा ते घरात सांगितलेलं नाही.) मग काट्यानं टोचे मारले. काटा बाहेर काढला की प्रत्येक भोकातून पांढऱ्या चिकाचा एक थेंब वर येतो, दुधाच्या दातासारखा टपोरा, पण बोटाला लागला की वाळून काळा होतो आणि साबणाला दाद देत नाही. त्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या बोटांकडे बघून एका मुलीनं विचारलं, “बाई, मतदान करून आलात?”

ओव्हन दोनशे अंशांवर लावला. बाथरूममध्ये गीझर सुरू होता. तेवढ्यात ब्लॅक कॉफीसाठी चिरंजीवांनी अर्धवट झोपेत इलेक्ट्रिक किटली लावली आणि परत जाऊन झोपले. थोड्या वेळानं खटकन आवाज झाला, सगळं घर काळोखात.

“अगं, काय लावलंयस काय?” बाथरूममधून आवाज.

हे टॉवेलवर बाहेर आले, कानामागे साबण, आणि तशाच अवस्थेत पॅसेजमध्ये उभं राहून त्यांनी मला गणित समजावलं. गीझर दोन हजार वॉट, ओव्हन दोन हजार, किटली दीड हजार. साडेपाच हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे चोवीस अँपिअर. “आणि आपली एमसीबी किती? सोळा!” जुन्या बिल्डिंगचं वायरिंग, सगळं एकाच लाइनवर. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, फक्त ते म्हणताना त्यांच्या अंगावरून फेस ओघळत होता आणि ते त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात म्हटलं. (ओव्हनमधली मेणबत्ती शेवटी कामी आली.) निर्णय असा झाला की रताळी भाजेपर्यंत गीझर बंद. उरलेली अंघोळ त्यांनी गार पाण्यानं, मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणत केली.

मग सुरू झालं वाट बघणं. पाऊण तासानं सुरी घातली, तर अर्ध्यात अडकली. मी मायक्रोवेव्हकडे वळले. पाच-सात मिनिटांचं काम. नेमके तेव्हाच चिरंजीव उठून आले आणि ओरडले, “नो, नो, नो! मायक्रोवेव्ह नाही!”

“का?”

“अगं, रताळ्यात एक एन्झाइम असतं. साठ ते पंचाहत्तर अंशांच्या आसपास ते स्टार्चची साखर करतं. माल्टोज. फटकन तापवलं तर त्याला वेळच मिळत नाही. हळूहळू तापलं पाहिजे.”

“म्हणजे जितका उशीर तितकं गोड?”

“एक्झॅक्टली!”

“हे तुझ्या बाबांना सांग.”

बाबा एव्हाना बूट घालून, पाठीला सॅक लावून ओव्हनच्या काचेशी वाकले होते. आत चार रताळी निवांत पहुडली होती. “आम्ही दिल्लीला होतो तेव्हा थंडीत रस्त्यावर शकरकंदी मिळायची,” ते म्हणाले. “निखाऱ्यावर भाजलेली. वरून लिंबू, मसाला. द्रोणात घालून हातात. दोन मिनिटांत.” मग घड्याळ बघून म्हणाले, “मी आपला स्टेशनवर वडापाव खातो.” नाश्ता चुकलेल्या माणसाच्या आवाजात इतका उत्साह असू नये.

सासूबाईंचं तर केव्हाच आटोपलं होतं. आमची एन्झाइम-माल्टोज चर्चा चालू असताना त्यांनी पिशवीतलं शेपटीवालं, माझ्या निवडीत न बसलेलं रताळं छोट्या कुकरमध्ये टाकलं, दोन शिट्ट्या काढल्या, सोलून दुधात कुस्करलं, वर गूळ आणि वेलची. वाटी विसळून पालथी घालून त्या परत माळ घेऊन बसल्यादेखील.

सव्वा तास झाला तेव्हा घरभर वास सुटला होता, आणि वास फार सुंदर होता, हे मान्य करते. टोच्यांच्या भोकांतून गोड रस बाहेर येऊन खदखदत होता, ओघळून ट्रेवर पडत होता, आणि तिथे जळून काळा कुळकुळीत, काचेसारखा कडक होत होता. समोरच्या वहिनींनी बेल वाजवून “काही जळतंय का हो?” असं विचारलं. म्हटलं, “नाही, नाश्ता होतोय.”

बेक करणं हे काम नव्हेच, ते नुसतं बसणं. काम पुढे आहे. गरम रताळं उभं चिरायचं, चमच्यानं आतला गर काढायचा, पण सगळा नाही, कडेनं बोटभर ठेवायचा, नाहीतर साल आत कोसळते. फोटोतली साल होडीसारखी ताठ उभी असते. आमच्या चारांपैकी एक वळणावर फाटलं, एकाचे दोरे चमच्याला असे गुंडाळले की गर निघण्याऐवजी रताळंच चमच्यामागे आलं. काढलेल्या गरात परतलेली मटकी, कांदा, पालक, हिरवी मिरची, लिंबू, मीठ. ते सगळं परत त्याच सालीत दाबून भरायचं. म्हणजे जे आत होतं ते बाहेर काढून पुन्हा आत घालायचं. वर पनीर. आणि पुन्हा दहा मिनिटं ओव्हनमध्ये, हे कृतीत अगदी खाली, बारीक अक्षरात होतं.

सव्वानऊला ताट टेबलावर आलं. आधी फोटो. मग वजन. मग पहिला घास. खोटं कशाला बोलू, चव झकास होती. रताळ्याचा गोडवा, मटकीचा कचकन लागणारा दाणा, मिरचीचा ठसका, वर काकवीची एक धार. मी उभ्या-उभ्या फाटकं रताळं खाल्लं आणि मनात म्हटलं, रविवारी, दुपारी बाराला, जेवण म्हणून हे करायला माझी काहीच हरकत नाही.

खाता खाता चिरंजीव फोनवर वाचत होते. अचानक चमचा थांबला.

“आई, इथे म्हटलंय की बेक केलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स उकडलेल्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे रक्तातली साखर जास्त पटकन वाढते. बाबांची शुगर काठावर आहे ना? त्यांनी खरं तर उकडूनच खाल्लेलं बरं.”

“बाबांनी वडापाव खाल्लाय,” मी म्हटलं.

सासूबाईंची माळ चालूच होती, पण ओठ हसत होते. जप करताना हसू नये, असा नियम त्यांनीच मला लग्नानंतर सांगितला होता.

साडेनऊला त्याची मीटिंग सुरू झाली आणि त्याच वेळी भांड्यांना मावशी आल्या. सिंककडे बघून त्यांनी पदर खोचायचा थांबवला. कुकर, परात, किसणी, कढई, सुऱ्या, ताटं, आणि सगळ्यांवर आडवा तो ट्रे. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, नखानं खरवडून बघितला. नख हललं, पाक हलला नाही.

“ताई, हे काय केलंत?”

“रताळी भाजली.”

“रताळी? आमच्याकडं चुलीत राखेखाली सारतात. वर राख, खाली राख. घासायला काय नसतं.” मग त्यांनी ट्रे उचलला, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर, थेट लॅपटॉपशेजारी ठेवला. “दादा, हा तुमचा. सालीसकट तुम्ही खाल्लं ना? मग पाकासकट तुम्हीच घासा. आणि उद्याच्याला काय भरणार असाल तर आत्ताच सांगा, मी सुट्टी घेते.”

लॅपटॉपमधून चार-पाच जण एकदम हसले आणि कोणीतरी अस्सल मराठीत म्हणालं, “मावशी, बरोबर आहे!” माइक चालू होता.