डायव्हरची मजुरी कोण देणार?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला, मालवणजवळ समुद्राच्या तळाशी खडपाला अडकलेलं नायलॉनचं जाळं आणि ते कापणारे दोन-तीन डायव्हर्स. खाली लगेच वाद. एक म्हणतो फोटोसाठी चाललंय सगळं, दुसरा म्हणतो हे सरकारचं काम, टॅक्स कशाला भरतो आपण, आणि मावसभावाने तर मलाच पुढे केलं, "तिकडे अमेरिकेत बघा लोक सुट्टीच्या दिवशी स्वतःहून उतरतात, आपल्याकडे कुणाला पडलंय?"

हे शेवटचं मला अजिबात पटलं नाही. मी फ्लोरिडात राहतो, अशा सफाईला मीही पाण्यात उतरतो, म्हणून लिहितोय.

इथे डिअरफील्ड बीचला मासेमारीचा पिअर आहे, म्हणजे समुद्रात खांबांवर उभा केलेला लांब धक्का, त्यावरून लोक गळ टाकतात. १५ जून २०१९ ला तिथे ६३३ डायव्हर्सनी एकत्र सफाई केली, गिनेस रेकॉर्ड झालं, त्याआधीचं इजिप्तच्या रेड सीमधलं ६१४ जणांचं होतं. बातमी आकड्याची झाली. पण अशा पिअरखाली मुख्य कचरा म्हणजे गळाची दोरी. वरून टाकलेली दोरी खांबाला अडकते, तुटते, दुसऱ्याची येऊन तिच्यातच अडकते, मग शिशाची वजनं, गंजके हुक असा सगळा गुंता आणि त्यावर शेवाळ चढलेलं. ओढायचं नाही, हुक ग्लोव्हमधून आत घुसतो. एकाने गुंता धरायचा, दुसऱ्याने कात्रीने एकेक दोरी कापायची, आणि त्यावर जिवंत प्रवाळ वाढलं असेल तर ती तशीच सोडायची. हवेची टाकी संपत येते तेव्हा जाळीच्या पिशवीत जेमतेम फुटबॉलएवढा गोळा जमलेला असतो.

वर आल्यावर खरं काम, मोजणी. पॅडी अवेअर या डायव्हर्सच्या संस्थेचं 'डाइव्ह अगेन्स्ट डेब्री', म्हणजे समुद्रतळाचा कचरा काढून नोंदवायचा उपक्रम, २०११ पासून चालू आहे, त्यात काय सापडलं, किती, वजन किती, कुठे, सगळं लिहायचं, काही नाही सापडलं तरी तेही कळवायचं. काढू देत ना फोटो, मला त्याचं काही नाही, वजन आणि जागा कुणी लिहिली का एवढंच विचारा. फ्लोरिडात पिअरवर, बोटींच्या धक्क्यांवर तुटलेली दोरी टाकायला पीव्हीसी पाईपचे डबे लावलेत, वरच सोय हवी, नाहीतर खालचे जन्मभर कापत बसतील.

पण इथे उतरतो कोण? हौसेने शिकलेला, सोमवारी ऑफिसला जाणारा. माझी सकाळ जाते, पगार नाही जात. तारकर्लीला ज्याला तळ पाठ आहे तो डायव्ह गाइड, त्याचं घर पर्यटकांवर चालतं, पावसाळ्यात धंदा बंद, १ सप्टेंबरला सुरू, आणि त्याने गर्दीचा रविवार फुकट जाळी कापण्यात घालवावा असं आपण सोफ्यावर बसून म्हणायचं? आणि मच्छीमारांना शिव्या कशाला, एवढं महागाचं जाळं कोण मुद्दाम टाकेल? ते खडपाला अडकतं, वादळात जातं, नाहीतर ट्रॉलर पाण्यात लावून ठेवलेल्या जाळ्यावरून (गिलनेट) जातो आणि फाडून नेतो. मग ते तळाशी शेवंड, कुर्ल्या मारत पडतं, म्हणजे नुकसान पुन्हा त्याच मच्छीमाराचं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, म्हणजे माणसं आणि ट्रेनिंग दोन्ही तिथेच आहे. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. मग डायव्हरची दिवसाची मजुरी, टाकी आणि बोटीचं डिझेल द्यायला काय हरकत आहे? जाळं कुठे अडकलंय ते मच्छीमाराने जीपीएसवरून सांगितलं तर त्यालाही चार पैसे द्या, उलट चौकशी लावू नका. आणि काढलेलं जाळं बंदरावर तसंच पडून राहिलं तर पुढच्या भरतीला परत आत जाईल, तेव्हा नगरपरिषदेने ते ठेवायला एक शेड आणि उचलणारा भंगारवाला आधीच ठरवून ठेवायला हवा.