ताबा डीचा, नोंद सीची

निवृत्त तलाठ्यानं वेळ कसा घालवावा, याबद्दल शासनानं एकही परिपत्रक काढलेलं नाही. म्हणून मी शेती करतो. परभणीत, वसमत रोडच्या घरात, कूलरसमोर बसून, कॉम्प्युटरवर. पोरगा हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हा नवा लॅपटॉप घेऊन गेला आणि हा डबा मला उलट्या वारसाहक्कानं आला, पोराचा बापाला. त्यात त्यानं गेमांचा एक लाँचर, म्हणजे गेम उतरवून घ्यायचा आणि उघडायचा प्रोग्राम, टाकून दिला होता आणि त्या लाँचरमधून ट्रॅक्टरचा एक गेम. नांगरट, पेरणी, फवारणी, कापणी, सगळं त्यात. वावर युरोपातल्या कुठल्याशा गावचं. पाऊस पंचांग न बघता येतो, रोही उभ्या पिकात शिरत नाहीत, हार्वेस्टरवाला उचल मागत नाही आणि बांध कोरायला भाऊबंद नाहीत. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो; दोन्ही एका खोलीत मिळायला मला ५८ वर्षं लागली.

तर मे महिना. बाहेर डांबर चपलेला धरतंय आणि आत माझा गहू कापणीला आलेला. सकाळी चहा घेऊन बसलो, तर लाँचरनं बजावलं, नवं अपडेट घेतल्याशिवाय गेम उघडणार नाही, आणि अपडेट घ्यायला सी ड्राइव्हमध्ये जागा नाही.

सी ड्राइव्ह बघितला. लालभडक पट्टी. २३८ जीबीपैकी ३ जीबी शिल्लक. शेजारी डी ड्राइव्ह, ९३१ जीबीचा, त्यात पोरीच्या लग्नाचे फोटो आणि काही सातबाऱ्यांच्या स्कॅन प्रती. बाकी सगळं पडीक. पण त्याआधी दुसरंच खटकलं. सी म्हणजे एसएसडी नावाची डिस्क; तिच्या खोक्यावर छापलेत २५६, दिसतात २३८. १८ जीबी गेले कुठं? क्षेत्रात तूट दिसली की आधी शेजाऱ्यावर संशय घ्यायचा, ही ३१ वर्षांची सवय. पोराला फोन लावला.

"दादा, कुणी खाल्ले नाहीत. बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं मोजतंय."

"म्हणजे साखळीच वेगळी."

"कसली साखळी?"

जमीन मोजायची ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे हिंजवडीला कळवून काय उपयोग? मी फोन ठेवला.

बरं, हे सगळे येऊन जाऊन सीमध्येच का घुसतात? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती. १.४४ एमबीची ती चौकोनी चकती आमच्या तहसीलमध्येही एके काळी कुलपात असायची. फ्लॉपी वारली, पण ए आणि बी कुणाला द्यायचं कुणी मनावर घेतलं नाही. विंडोज अजून सीपासून मोजायला सुरुवात करतं. मयताचं नाव कागदावरून कमी होत नाही, यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं.

लाँचरच्या सेटिंगमध्ये शिरलो. गेम कुठं ठेवायचे, असा एक रकाना सापडलाच. सी खोडून डी लिहिलं, सेव्ह केलं, लाँचर बंद करून परत उघडला. गेम होता तिथंच. सी लालच. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, मग बारीक अक्षरातली ओळ वाचली, हा बदल यापुढं घेतल्या जाणाऱ्या गेमांना लागू राहील. आधीच्या गेमांना नाही. पूर्वलक्षी प्रभाव नसलेला जीआर हो! असे जीआर दाखवून मी स्वतः माणसं परत पाठवलेली आहेत. त्यातल्या कुणीतरी मनापासून तळतळाट दिला असणार.

मग मी जे केलं ते कुठल्याही जित्या माणसानं केलं असतं. प्रोग्राम फाईल्समध्ये जाऊन गेमचा फोल्डर शोधला, ४० जीबीच्या वर भरला, त्याला कट केलं आणि डीमध्ये पेस्ट. विंडोजनं वेळ सांगितली, ११ मिनिटं. मग ४० मिनिटं. मग २ तास. मग परत १५ मिनिटं. हा अंदाज मला ओळखीचा वाटला. मोजणी कधी होईल, असं विचारणाऱ्याला आम्ही याच पद्धतीनं सांगत होतो.

६३ टक्क्यांवर लाईट गेली.

पुढचा पाऊण तास मी अंगणात लिंबाखाली बसून काढला. बायको सांडग्यांवर फडकं टाकत होती. "कामून बसलाव असं तोंड करून?" तिनं विचारलं. मी म्हणालो, गहू अडकला. "कुठं?" सी आणि डीच्या मधात. तिनं आणखी विचारलं नाही. सांडग्यांना माझ्यापेक्षा जास्त भविष्य आहे, हे तिला ठाऊक आहे.

लाईट आल्यावर बघतो तर अर्धा गेम इकडं, अर्धा तिकडं. राहिलेलं उचलून नेलं. सी निळा झाला, छाती भरून आली. लाँचर उघडला. जिथं रोज 'प्ले' लिहिलेलं असायचं तिथं लिहिलं होतं, 'इन्स्टॉल'.

इन्स्टॉल? ४० जीबी माल डीच्या वावरात ढिगानं पडलाय आणि हा म्हणतो, तुमच्याकडं काही नाहीच, नव्यानं उतरवून घ्या. आमच्याकडं मोबाईलच्या दिवसाला २ जीबीवर कारभार चालतो. मीरा-भाईंदरच्या जावयानं व्हिडिओ कॉल केला तरी त्यातले निम्मे संपतात. ४० जीबी म्हणजे, घरात कुणीही कुणाचंही तोंड बघायचं नाही असं ठरलं तरी २० दिवस. गहू तोवर उभ्यानं झडेल.

पोराला परत फोन. त्याची मीटिंग होती, पण बापाचा आवाज ऐकून तो बाहेर आला.

"दादा, फोल्डर हलवून चालत नसतं. गेम कुठंय ते लाँचर स्वतः हिंडून बघत नाही. त्याच्याकडं एक मॅनिफेस्ट फाईल असती, त्यात लिहिलेलं असतं, हा गेम या पत्त्यावर. त्या पत्त्यावर नाही दिसला की त्याच्या लेखी गेमच नाही."

"पण ताबा आहे ना माझा! डीमध्ये बघ म्हणावं, आहे का नाही!"

"ताब्याला कोण विचारतंय दादा? नोंद नाही ना."

फोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही. त्याला वाटलं रेंज गेली. रेंज कशाची जाती. हे वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द, सुरासकट. गोदाकाठच्या एका सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांवर, मी असताना एक म्हातारा दर सोमवारी यायचा. कापडी पिशवीत १९५४ च्या खासरा पाहणीची, म्हणजे जुन्या जमीनपाहणीची, नक्कल, घड्यांवर फाटलेली. चाळीस वर्षं वहितीला, विहीर त्यानंच खांदलेली, लिंबं त्यानंच लावलेली, आणि सातबाऱ्याला नाव चुलत्याचं. दर सोमवारी तो म्हणायचा, साहेब, एकदा वावरात येऊन बघा तरी. आणि दर सोमवारी मी रजिस्टरमधून मान न उचलता तेच सांगायचो. चहा मात्र त्याचाच प्यायचो.

असो. गेमचं बोलू.

संध्याकाळी जिंतूर रोडवरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पोरगा येऊन गेला. त्याचं म्हणणं, "काका, टेन्शन नका घेऊ, जंक्शन टाकू." जंक्शन म्हटल्यावर मला रेल्वेचं पूर्णा आठवलं. पण हे वेगळं. काळ्या पडद्यावर एमकेलिंक की कायशी आज्ञा लिहायची. मग सीमध्ये नावापुरता फोल्डर दिसत राहतो आणि आतला सगळा माल डीमध्ये असतो. लाँचर सीचं दार उघडतो, पाय डीमध्ये पडतो, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे नाव एकाचं, कसणारा दुसरा. बेनामी! चालतं म्हणे व्यवस्थित, बरेच जण करतात. करत असतील. मी नको म्हणालो. नोकरीत जे केलं नाही ते निवृत्तीत कशाला? (केलं नाही म्हणजे, पकडलं कुणी नाही असा अर्थ बायको काढते.)

रात्री पोरानं रीतसर मार्ग सांगितला. आधी म्हणाला, गेम स्टीम नावाच्या दुसऱ्या लाँचरवर असता तर काहीच नव्हतं. तिथं गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग इन्स्टॉल्ड फाईल्स, तिथंच हलवायचं बटण. माल आणि नोंद दोन्ही एकदम जातात. आपल्या लाँचरमध्ये मात्र ते बटण पोराला कुठंच सापडलं नाही, म्हणून जरा वळसा. डीमधल्या गेमच्या फोल्डरचं नाव बदलून ठेवायचं, शेवटी नुसतं 'जुना' लावलं तरी चालेल. मग लाँचरमध्ये खुशाल 'इन्स्टॉल' दाबायचं आणि जागा विचारली की डी सांगायची. डाउनलोड दोनेक टक्के होऊ द्यायचं आणि पॉज.

"पॉज दादा, कॅन्सल नाही. कॅन्सल केलं की पुसून टाकतो सगळं."

"कळलं. पेन्सिलची नोंद झाली."

"काय झालं?"

हाती सातबारा असायचा तेव्हा फेरफार मंजूर होईस्तोवर नोंद पेन्सिलनं ठेवायची रीत होती. नमुना ६ ला फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटीस, १५ दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, मग शाई. आता सगळं ऑनलाइन झालं, पेन्सिली गेल्या. लाँचरनं दोन टक्क्यांवर डीमध्ये जो कोवळा फोल्डर तयार केला, ती हुबेहूब पेन्सिल होती. पत्ता लिहिला गेला, हक्क अजून नाही.

मग लाँचर पुरता बंद करायचा. फुलीवर बंद केला तरी तो खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी दबा धरून बसतो, तिथूनही हुसकायचा. जुन्या फोल्डरमधलं सगळं उचलून नव्यात टाकायचं, आधीचं झाकून टाकू का विचारलं तर हो म्हणायचं. मी परत पाऊण तासाच्या तयारीनं बसलो, पाण्याचा तांब्या घेऊन. पेस्ट केलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम खलास. ४० जीबी! मला वाटलं काहीतरी बिघडलं. पोरगा म्हणाला, एकाच ड्राइव्हमध्ये हलवलं तर फाईल जागची हलत नसते. विंडोजच्या आत मास्टर फाईल टेबल नावाचं एक चोपडं असतं, त्यात फक्त पत्ता बदलतो. सीवरून डीवर जाताना तेवढा खरा माल वाहावा लागतो.

म्हणजे इथंही आत कुठंतरी तलाठी बसलेला आहेच. आणि लाईट जायच्या आत नोंद लावतो! मला त्याचा जरा रागच आला.

लाँचर उघडला, 'रिझ्यूम' दाबलं. आता तो नव्यानं काही उतरवेना. एकेक फाईल तपासायला लागला. कोणती आहे, कोणती नाही, आहे ती धड आहे का. पंचनामाच. अर्धा तास बारीक नजरेनं स्थळपाहणी केली आणि शेवटी म्हणाला, सव्वा जीबी कमी पडतंय. लाईट गेली तेव्हा वाटेत सांडलेलं ते. तेवढं त्यानं उतरवून घेतलं, वर अडलेलं अपडेटही घेतलं. दोन दिवसांचा डेटा त्यात गेला, मुलगी आणि जावई रुसले. पण चौथ्या दिवशी पहाटे बटणावर 'प्ले' उमटलं. शाई!

धाकधूक गव्हाची होती. गेम हलवताना पीक गेलं असेल तर? उघडलं. होतं तस्संच, सोनेरी, ओंब्या खाली वाकलेल्या. हा गेम खेळ्याचा हिशेब गेमच्या फोल्डरात ठेवतच नाही. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स नावाच्या वेगळ्या कोठीत ठेवतो. आणि ती कोठी पहिल्यापासून सीमध्ये, जागच्या जागी. चार दिवस ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते वावर हललंच नव्हतं.

हार्वेस्टर चालू केला. बायको चहा घेऊन आली आणि पहिल्यांदाच पडद्याकडं नीट बघत उभी राहिली.

"लागली का नोंद?"

"लागली. डीला."

"चार दिवसांत लावलीव की." तिनं कप ठेवला. "मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या वावराला वारसाची कवा लावताव?"

मी हार्वेस्टर वळवला. शेवटच्या तासाला धार सरळ ठेवावी लागते, तेव्हा बोलता येत नाही.